ट्राउटची नदी राखायची तर गळ टाकणाऱ्यांनी काय काय करायचं

सगळ्यात आधी एक थर्मामीटर घ्या. रॉडवर, रीलवर, फ्लायच्या (म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली गळाच्या) डब्यांवर माणसं केवढा पैसा घालवतात आणि पाणी किती तापलंय ते बघायला मात्र बोट बुडवतात. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याचं सगळं गणित तापमान आणि ऑक्सिजन या दोघांवर चालतं, आणि हे दोघं एकमेकांना बांधलेले: समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशाला 9.1, आणि 25 ला 8.3 च्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन लागतो जास्त आणि मिळतो कमी. त्यात तुम्ही त्याला गळाला लावून दमवलं, वर फोटोसाठी हवेत धरलं, तर सोडल्यावर तो शेपूट हलवत गेला तरी थोड्या वेळाने खाली कुठेतरी उलटा पडलेला असू शकतो आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.

मोजायचं वाहत्या पाण्यात, सावलीत. काठाच्या साचलेल्या डबक्यात नाही. मिनिटभर बुडवून ठेवा आणि आकडा थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचा, बाहेर काढून नाही. 20 अंश ही बहुतेक अँगलर, म्हणजे हौसेने गळ टाकणारे, पाळतात ती लक्ष्मणरेषा, त्याच्या वर गेलं की गुंडाळायचं. ब्रूक ट्राउटला अजून थंड लागतं, तिथे त्याहीआधी थांबा. अमेरिकेत मोंटाना राज्यात याचा सरकारी नियमच आहे, 'हूट आउल' म्हणतात त्याला, पाणी सलग 3 दिवस 73 फॅरनहाइटला म्हणजे जवळपास 22.8 सेल्सियसला पोचलं की दुपारी 2 ते मध्यरात्री मासेमारी बंद करता येते. बऱ्याच जणांना वाटतं ऊन उतरलं की संध्याकाळी चालतंय, पण पाणी हवेसारखं पटकन उतरत नाही, दुपारभर तापलेलं पाणी संध्याकाळीही तापलेलंच असतं. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटे जा.

आता थर्मामीटर आहे तर वही पण हवी, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते वहीच जास्त महत्त्वाची. नदी बिघडली असं सगळेच म्हणतात, आमच्या लहानपणी असं होतं नि तसं होतं, पण अधिकारी समोर बसला आणि त्याने विचारलं की आधी कसं होतं, कधीपासून बदललं, कशावरून, की सगळे गप्प. प्रदूषण करणाऱ्याचा वकील पण हाच प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर फक्त त्या माणसाकडे असतं ज्याने काहीच घडलेलं नसताना, नदी छान असताना, कंटाळवाणेपणाने लिहून ठेवलेलं असतं. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, रंग, वास, फेस आहे का, गाळ आहे का, एका ठरलेल्या दगडावर पाणी कुठवर आलंय, कुठले किडे उडतायत, आणि ठरलेल्या एकाच जागेवरून एक फोटो. एवढंच. मासे किती मिळाले ते लिहायचं तर लिहा, पण नुसते माशांचे आकडे लिहून काही सिद्ध होत नाही, मासा न मिळायला शंभर कारणं असतात.

जरा हौस असेल तर पाण्यात ठेवायचा तापमान लॉगर मिळतो, बटणाएवढा छोटासा, तो दर तासाला आपोआप नोंद करत राहतो. भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात घालून सावलीतल्या मुळाला बांधायचा, ऊन थेट पडलं तर आकडा खोटा येतो. आणि कुठे बांधलाय त्याचा फोटो काढून ठेवा, पुरानंतर तो काठ ओळखूच येत नाही.

दगडाखालचे किडे मोजा

या भागावर जरा सविस्तर लिहितो कारण अँगलर लोकांच्या हातात यापेक्षा चांगलं हत्यार नाही. पाण्याचा नमुना बाटलीत भरला तर त्या क्षणाचं पाणी कळतं. रात्री कोणी काही सोडलं आणि ते सकाळपर्यंत वाहून गेलं तर बाटलीत काहीच सापडणार नाही. पण दगडाखाली राहणारे किडे तिथेच असतात, महिनोन् महिने, काही जाती तर पाण्यात वर्षभर किंवा त्याहून जास्त काढतात. त्यांच्या डोक्यावरून जे जे वाहून गेलं त्याचा हिशोब त्यांच्या संख्येत दिसतो.

ब्रिटनमध्ये याची एक सोपी पद्धत बसवलेली आहे, रिव्हरफ्लाय पार्टनरशिपची, आणि ती खास अँगलर लोकांसाठीच 2007 मध्ये सुरू झाली. करायचं असं. उथळ, खळाळतं, गोट्यांचं पात्र असलेली एक जागा ठरवा आणि दर महिन्याला तिथेच जा. बारीक जाळीचं, लांब दांड्याचं हातजाळं पाण्याच्या तळाला टेकवून धरा, तोंड प्रवाहाकडे. तुम्ही जाळ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा आणि टाचेने तळ ढवळा, म्हणजे सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळ्यात येतील. एकूण 3 मिनिटं, पण एकाच जागी नाही, थोडं इथे थोडं तिथे, मधोमध, काठाच्या झाडोऱ्यात, सगळीकडे वाटून. नंतर 1 मिनिट हाताने दगड उचलून, चोळून बघायचे. सगळा ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ओतायचा आणि थांबायचं. सुरुवातीला नुसता कचरा दिसतो. मग अर्ध्या मिनिटात तो कचरा चालायला लागतो.

आठ गट बघायचे असतात. यातले कॅडिस, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे पंख फुटायच्या आधी पाण्यात वाढणारे किडे. घर घेऊन फिरणारी कॅडिस, म्हणजे बारीक खडे नाहीतर काटक्या चिकटवून केलेली नळी आणि तिच्या तोंडातून डोकावणारं काळपट डोकं. घर नसलेली कॅडिस, ती अळीसारखी वळवळते. मेफ्लायचे चार गट: एक गाळात बीळ करून राहणारा, कडेला पिसांसारखे कल्ले असलेला मोठा, एक दगडाला चिकटणारा चपटा, दगड उलटा केला की तो खेकड्यासारखा आडवा सरकतो, एक ब्लू विंग्ड ऑलिव्ह, जरा जाडसर आणि आळशी, आणि एक साधा ऑलिव्ह, जो ट्रेमध्ये सोडताच माशाच्या पिल्लासारखा सुळकन पळतो. मग स्टोनफ्लाय, शेपट्या दोनच. या मेफ्लायना तीन असतात, म्हणजे घोळ झाला तर शेपट्या मोजा, पण नीट बघून, तुटलेल्या पण असतात. आणि शेवटचा गोड्या पाण्यातला श्रिंप, कोळंबीसारखा, एका कुशीवर पोहतो, लगेच ओळखू येतो.

एक एक मोजत बसायची गरज नाही. गटात 1 ते 9 दिसले तर 1 गुण, 10 ते 99 ला 2, 100 ते 999 ला 3, हजारच्या वर 4. आठही गटांची बेरीज करायची, झाला त्या महिन्याचा स्कोर. तिथल्या पर्यावरण खात्याचे तज्ज्ञ प्रत्येक जागेसाठी एक किमान आकडा ठरवून देतात, त्याच्या खाली गेलं की परत एकदा नमुना घ्यायचा आणि तरी खाली असेल तर ताबडतोब कळवायचं. तुमच्याकडे असा आकडा ठरवून द्यायला कोणी नसेल तरी वर्षभराच्या नोंदी झाल्या की तुमचा तुम्हालाच अंदाज येतो, फक्त ऋतू लक्षात घ्या, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बरेच किडे पंख फुटून उडून गेलेले असतात तेव्हा आकडा खाली येतोच, लगेच बोंब मारायची नाही. किडे परत पाण्यात सोडा, जिथून घेतले तिथेच.

याचा उपयोग होतो का? 2013 च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या केनेट नदीवर नेहमीप्रमाणे नमुना घ्यायला गेलेल्या स्वयंसेवकांच्या ट्रेमध्ये जवळपास काहीच जिवंत सापडलं नाही. मासे ठीक होते, पाणी स्वच्छ दिसत होतं, काठावरून जाणाऱ्याला काहीच कळलं नसतं. चौकशीत क्लोरपायरिफॉस निघालं, हे कीटकनाशक अगदी थोडंसं सांडपाण्यातून नदीत आलं होतं आणि मार्लबरोच्या खाली सुमारे 15 किलोमीटरपर्यंत किडे आणि श्रिंप साफ झाले होते. हे किडे म्हणजेच ट्राउटचं खाणं, त्यामुळे मासे आज ठीक दिसले तरी पुढे उपाशी. नमुना घेणारे नसते तर हे कळायला किती वेळ गेला असता देव जाणे.

मेलेले मासे दिसले तर

आधी फोन. फोटो नंतर, ग्रुपवर टाकणं त्याच्याही नंतर. प्रदूषण आणि मासेमारी खात्याचे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, नदीवर गेल्यावर शोधत बसू नका कारण तिथे रेंज नसते. घाई का, तर पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर तासाला 1.8 किलोमीटर पुढे जातं, म्हणजे रात्री सोडलेलं विष सकाळपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर लांब गेलेलं असतं आणि तुम्ही उभे आहात तिथलं पाणी एव्हाना चांगलं पण झालेलं असतं.

फोनवर नेमकी जागा सांगा, मोबाइलचं लोकेशन द्या, किती वाजता काय दिसलं, मासे मेलेत की तडफडतायत, कुठल्या जातीचे, लहान की मोठे. कॉल घेणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा. मग वरच्या अंगाला काठाकाठाने चालत जा आणि कुठपर्यंत मेलेलं दिसतंय ते बघा, जिथे परत जिवंत किडे दिसायला लागतात त्याच्या जरा खालीच कुठेतरी गडबड आहे. पाइप, नाला, ओढा, शेतातला चर, जे असेल त्याचे फोटो, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी रॉड ठेवा म्हणजे आकार कळतो. कोणाच्या हद्दीत घुसायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. भांडण झालं की विषय नदीचा राहत नाही, तुमच्या दोघांचा होतो. आणि मेलेल्या माशांना उघडा हात लावू नका, कशाने मेले ते तुम्हाला माहीत नाही.

पाण्याचा नमुना घेता आला तर घ्या: स्वच्छ काचेची बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, तोंडापर्यंत भरून, हवा न ठेवता, वर तारीख-वेळ-जागा लिहून थंड ठेवायची. कोर्टात खात्याचाच नमुना चालतो बहुतेक वेळा, पण ते येईपर्यंत पाणी निघून गेलं तर निदान काय शोधायचं ते तुमच्या बाटलीवरून कळतं.

काय दिसतंय त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. फक्त किडे नि श्रिंप मेले, मासे धडधाकट, तर कीटकनाशकाचा संशय. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून श्वास घेतायत आणि दुपारी सगळं ठीक, तर ऑक्सिजन पडतोय, कारण शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात पण रात्री स्वतःच वापरतात, म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या आसपासची, आणि खात्याचा माणूस दुपारी मीटर घेऊन येतो आणि सगळं उत्तम म्हणून लिहून जातो. त्यांना पहाटे बोलवा. दगडांवर राखाडी, कापसासारखी बुळबुळीत वाढ दिसली तर मैलापाणी किंवा तसंच काहीतरी सेंद्रिय. नारिंगी गाळ दिसला तर लोह, बऱ्याचदा जुन्या खाणीतून आलेलं आम्लाचं पाणी. फेसावर मात्र लगेच उडी मारू नका, सडलेल्या पानांमुळे सुद्धा फेस होतो, तो तपकिरीसर असतो आणि मातीसारखा वास येतो. साबणाचा पांढराशुभ्र असतो आणि वासावरून कळतो.

मैलापाण्याबद्दल इंग्लंडकडे बघा, तिथे पावसात जादा मैलापाणी नदीत सोडायची जी तोंडं आहेत त्या सगळ्यांवर 2023 च्या अखेरीपर्यंत मॉनिटर बसले, किती वेळा आणि किती तास सोडलं याचे आकडे आता सगळ्यांना बघता येतात. त्याआधी वर्षानुवर्षं या विषयावर ओरडणाऱ्यांमध्ये फर्गल शार्की आघाडीवर होता, एकेकाळचा रॉक गायक, पण मुळात फ्लाय फिशिंगवाला, ली नदीवरच्या जुन्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष. तुमच्याकडे असे आकडे जाहीर होत नसतील तर मागा. माहिती मागणं ही फुकटातली गोष्ट आहे आणि ती सगळ्यात जास्त झोंबते.

आणखी एक स्वस्त मीटर म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा. पाण्यात क्षार वाढले की आकडा चढतो, कशामुळे ते सांगत नाही, पण काहीतरी आलंय एवढं सांगतो. पेनसिल्व्हेनियात गॅसच्या विहिरी वाढल्या तेव्हा ट्राउट अनलिमिटेड या अँगलर लोकांच्या संघटनेने तिथल्या अँगलर लोकांना हेच शिकवलं, विहिरीचं खारं पाणी ओढ्यात आलं तर पहिली खूण इथेच दिसते. इथेही तेच, आधीचा आकडा माहीत असेल तरच चढलेला आकडा कळतो. वही.

रस्ते विसरू नका. 2020 च्या शेवटी एक संशोधन आलं, गाडीच्या टायरमधलं एक रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून 6पीपीडी-क्विनोन नावाचं विष तयार होतं आणि पावसाबरोबर ओढ्यात येऊन कोहो सामन नावाचे मासे मारतं. पुढे रेनबो आणि ब्रूक ट्राउटलाही ते घातक असल्याचं दिसलं, ब्राउन ट्राउट बराच सहन करतो. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे, रस्त्याचं पाणी थेट पाइपने ओढ्यात न सोडता आधी माती आणि झाडोऱ्याच्या पट्ट्यातून मुरवायचं. तेव्हा पावसात छत्री घेऊन एकदा फिरा आणि रस्त्याची गटारं कुठे कुठे उतरतात त्याचा नकाशा काढा. कोणीच काढलेला नसतो.

आणि कुत्रं. गोचीड-पिसवांसाठी मानेवर औषध टाकलेलं कुत्रं नदीत उड्या मारायला सोडू नका. त्यातलं फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकंच आहेत, 2020 मध्ये इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या अभ्यासात 98 टक्के नमुन्यांमध्ये फिप्रोनिल सापडलं.

आपण स्वतः काय घेऊन येतो

हे ऐकायला कोणाला आवडत नाही. पण एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत नेण्यात आपले वेडर्स (पाण्यात उतरायच्या लांब विजारी) आणि बूट पुढे असतात. डिडिमो नावाचं शेवाळ 2004 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडलं, तळ अख्खा चिकट गोधडीसारखा झाकून टाकतं, आणि त्याचा प्रसार रोखायचा म्हणून 2008 पासून तिथे फेल्ट सोलचे, म्हणजे नमद्याच्या तळव्याचे, बूट बंदच केले, कारण फेल्ट ओलं राहतं आणि त्यात सगळं जिवंत राहतं. व्हर्लिंग डिसीज हा दुसरा प्रकार, युरोपातून अमेरिकेत गेलेला परजीवी, गाळातल्या एका किड्यात वाढतो आणि मग ट्राउटच्या पिल्लांच्या कूर्चेत शिरतो, पिल्लं गोल गोल फिरत राहतात. मोंटानातल्या मॅडिसन नदीत 1994 मध्ये तो सापडला तोवर काही पट्ट्यांतले रेनबो ट्राउट जवळपास संपले होते. न्यूझीलंडची मडस्नेल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय, एक मादी पुरते, नराशिवाय पिल्लं होतात, बुटाच्या लेसमध्ये बसून प्रवास करते.

करायचं काय: नदी सोडतानाच, तिथल्या तिथे, बूट नि जाळ्याचा सगळा चिखल आणि शेवाळ काढायचं. घरी भांडी घासायच्या लिक्विडचं 5 टक्के पाणी करून घासून भिजवायचं, लेस सैल करून, जीभ बाहेर ओढून. मग वाळवायचं, आणि वाळवायचं म्हणजे हाताला कोरडं लागल्यावर आणखी 48 तास. एवढा वेळ नसेल तर दोन जोड ठेवा. मडस्नेलचा भाग असेल तर बूट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये, घरचे काय म्हणतील ते तुम्ही बघा.

जिवंत मासे इकडून तिकडे न्यायचे नाहीत, कितीही चांगल्या हेतूने. यलोस्टोन लेकमध्ये 1994 ला लेक ट्राउट सापडले, कोणीतरी आणून सोडलेले, त्यांनी तिथल्या मूळ कटथ्रोट ट्राउटचा फडशा पाडला आणि ते काढायला आजही दरवर्षी जाळी लावावी लागतात, आत्तापर्यंत काही दशलक्ष काढून झाले. हॅचरीचे, म्हणजे हौदात वाढवलेले, मासे सोडून नदी भरायची ही कल्पना पण मला फारशी पटत नाही. मोंटानाने 1974 मध्ये नद्यांमध्ये मासे सोडणं थांबवलं, कारण डिक व्हिन्सेंट या त्यांच्याच जीवशास्त्रज्ञाच्या कामात दिसलं की सोडलेल्या माशांमुळे जंगली ट्राउट उलट कमी होतायत. तेव्हा सगळे त्याच्यावर चिडले होते. आज मोंटाना जंगली ट्राउटसाठीच ओळखलं जातं.

काठ, खडी, मोऱ्या

मादी ट्राउट खडीत शेपटीने खड्डा करून अंडी घालते आणि वर खडी ओढते. त्या खडीतून पाणी वाहत राहिलं तरच अंड्यांना ऑक्सिजन. वरच्या शेतातून, बांधकामातून बारीक गाळ आला की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात, नदी वरून अगदी छान दिसत असते. म्हणून ब्राउन ट्राउटचा काळ साधारण शरद ते हिवाळा, तेव्हा नदीत तळावर धुतल्यासारखे फिकट गोल पट्टे दिसले तर त्यावर पाय देऊ नका. 1992 च्या एका अमेरिकन अभ्यासात अंडी फुटायच्या जरा आधी एकदाच वरून चालल्यावर 43 टक्क्यांपर्यंत मेली. काठावरून त्यांची मोजणी करा, दरवर्षी, वहीत.

गाळ थांबवायचा तर काठाला कुंपण घालून गुरं बाहेर ठेवणं आणि झाडं लावणं यासारखं काही नाही. गुरांना पाणी लागतंच, तर एक पाणवठा बाजूला करून द्या, नुसतं कुंपण घालायला गेलात तर शेतकरी तुम्हाला दारात उभा करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. आधी त्याच्या ढासळणाऱ्या काठाबद्दल बोला, त्याची जमीन वाहून जातेय हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त दुखतंय. झाडं छोट्या ओढ्यावर आधी लावा, मोठ्या नदीला सावली पुरत नाही पण ओढ्याचं पाणी उन्हाळ्यात दोन-तीन अंशांनी थंड राहू शकतं आणि तेच खाली येतं. झाडं तिथलीच हवीत. पडलेला ओंडका दिसला की क्लबवाले करवत घेऊन पळतात, तो राहू द्या, पूल अडत नसेल तर. त्याच्या आडोशालाच मासे असतात.

मोऱ्या बघा. रस्त्याखालच्या मोरीचं खालचं तोंड पाण्यापासून वर लटकत असेल तर लहान ट्राउटला ती भिंतच आहे, वरचा सगळा ओढा अंडी घालायला बंद. अशा मोऱ्यांची यादी फोटोसकट दिली तर रस्ता दुरुस्तीच्या वेळी त्या बदलून घेता येतात. धरणं मोठी गोष्ट आहे, पण तीही पडतात, क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये काढून झाली, आदिवासी जमाती, अँगलर, पर्यावरणवाले अशा सगळ्यांनी दशकं घासल्यावर.

कागद आणि कोर्ट

अँगलर लोकांचं संघटन नवीन नाही. 1959 मध्ये मिशिगनमधल्या ओ सेबल नदीच्या काठी 16 जण एका घरी जमले आणि ट्राउट अनलिमिटेड सुरू झालं. त्याआधी 1948 मध्ये ब्रिटनमध्ये जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरने प्रदूषण करणाऱ्यांवर दावे लावायलाच एक संघटना काढली, आज ती फिश लीगल म्हणून चालते. तिच्या जोरावर डर्बीच्या एका अँगलिंग क्लबने ब्रिटिश सेलनीज ही बडी कंपनी, शहराची पालिका आणि वीज मंडळ अशा तिघांना कोर्टात खेचलं, डरवेंट नदीत कारखान्याची घाण, मैलापाणी आणि गरम पाणी सोडतात म्हणून, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जिंकले. मनाईहुकूम मिळाला. अलीकडे यॉर्कशायरच्या पिकरिंगमधल्या छोट्या क्लबने अप्पर कॉस्टा बेक या ओढ्यासाठी सरकारलाच आव्हान दिलं, 2023 मध्ये हायकोर्टात जिंकले आणि 2025 मध्ये सरकारचं अपीलही फेटाळलं गेलं. मुद्दा असा होता की प्रत्येक पाण्यासाठी सुधारणेचा ठोस आराखडा हवा, मोघम नको.

म्हणून तुमचा अर्जही मोघम नको. नवीन प्रकल्पाची, सांडपाण्याच्या परवान्याची नोटीस निघते तेव्हा हरकतीला मुदत असते, ती चुकली की संपलं. एकाने दर आठवड्याला नोटिसा बघायचं काम घ्यायचं. हरकत एका पानाची लिहा: कुठला पट्टा, तिथे काय आहे, तुमच्या नोंदी काय सांगतात, प्रकल्पाने काय होईल, आणि काय अट घालावी. 'निसर्गाचा ऱ्हास थांबवा' लिहून काही होत नाही, 'उन्हाळ्यात सोडलेल्या पाण्याचं तापमान अमुकच्या वर नको आणि मीटरचे आकडे जाहीर करा' असं लिहिलं तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आणि एकटे जाऊ नका. अलास्कात ब्रिस्टल बेच्या वर पेबल खाण होणार होती, तिथे आदिवासी जमाती, सामनचे मच्छीमार आणि रेनबोसाठी येणारे अँगलर, जे एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, एका बाजूला आले आणि जानेवारी 2023 मध्ये पर्यावरण खात्याने त्या खाणीच्या योजनेवर बंदी घातली.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या, तुमच्या नदीत ट्राउट मूळचा आहे का. जगात खूप ठिकाणी तो माणसाने आणून सोडलेला आहे, न्यूझीलंडमध्ये 1867 पासून ब्राउन ट्राउट आहे आणि तिथले मूळचे छोटे गॅलॅक्सिड मासे त्याने खाल्लेत. अशा ठिकाणी थंड स्वच्छ पाण्यासाठी भांडा, ते सगळ्यांनाच लागतं, पण धबधब्याच्या वर जिथे ट्राउट अजून पोचलेला नाही तिथे त्याला पोचवू नका आणि तिथली लटकती मोरी पण काढायला सांगू नका, तीच तिथल्या माशांना वाचवतेय. उलट स्लोव्हेनियाच्या सोचा नदीवर मार्बल ट्राउट मूळचा, बाहेरून आणलेल्या ब्राउन ट्राउटशी संकर होऊन तो संपत आला होता, 1993 पासून तोल्मिनच्या अँगलर संघटनेने शास्त्रज्ञांबरोबर वरच्या अडलेल्या ओढ्यांमध्ये उरलेले शुद्ध गट शोधून काढले आणि त्यांच्यापासून पुढे वाढवले.

सुरुवात करायची तर दोघं पुरतात. एक पट्टा वाटून घ्या, एकाने तापमान नि फोटो, दुसऱ्याने किडे, महिन्याचा ठरलेला रविवार, आणि वहीची एक फोटो-कॉपी दुसऱ्याच्या घरी. एक जण गावाला गेला तर दुसरा जाईल एवढं आधी ठरवून ठेवा, मध्ये दोन-तीन महिने कोरे राहिले की नेमकं त्याच महिन्यात काय झालं होतं ते विचारणारा कोणीतरी निघतोच.